पायथॉनमध्ये ॲनाग्राम तपासताना ‘रत्न’ आणि ‘नत्र’ एकच का निघतात?

दोन शब्दांत तीच अक्षरं फक्त जागा बदलून आली आहेत का, म्हणजे ते ॲनाग्राम आहेत का, हे सांगणारा प्रोग्राम पायथॉन शिकणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्या महिन्यात लिहितो. दोन्ही शब्द सॉर्ट करा, ताडून पाहा, संपलं. इंग्रजी शब्दांवर हे चालतं. मग कोणीतरी त्यात मराठी शब्दांची यादी ओततं आणि प्रोग्राम छातीठोकपणे सांगतो की ‘काल’ आणि ‘कला’ ही जोडी आहे, ‘स्वर’ आणि ‘सर्व’ही आहे, ‘रत्न’ आणि ‘नत्र’ही आहे. एरर येत नाही, म्हणून चूक महिनोन्महिने तशीच राहते.

मी स्वतः हे शब्दकोड्यांसाठी याद्या काढताना भोगलंय. शब्दकोड्यात एका चौकटीत एक अक्षर बसतं, जोडाक्षर असलं तरी एकच चौकट. माझ्या यादीतल्या निम्म्या जोड्या चौकटीत बसेनात तेव्हा कळलं, की गडबड तुलनेच्या ओळीत नव्हती. ती त्याच्या चार पायऱ्या आधी झाली होती.

खाली फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

१. अक्षर म्हणजे काय, ते आधी ठरवा

ही पायरी लोक हमखास गाळतात. पायथॉनच्या दृष्टीने स्ट्रिंग म्हणजे युनिकोडच्या कोडपॉइंटांची (प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांची) रांग. ‘काल’ या शब्दात त्याला तीन गोष्टी दिसतात: क, काना, ल. ‘कला’मध्येही त्याच तीन: क, ल, काना. सॉर्ट केल्यावर दोन्ही सारखेच होणार. तुम्हाआम्हाला मात्र एकात ‘का’ आणि ‘ल’ दिसतात, दुसऱ्यात ‘क’ आणि ‘ला’.

तेव्हा तीनपैकी एक व्याख्या निवडा आणि कोडच्या पहिल्या ओळीत कॉमेंट म्हणून लिहून ठेवा.

कोडपॉइंटवार: काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्ताची खूण हे सगळं सुटं मोजायचं. लिहायला सर्वांत सोपं, मराठी वाचकाला सर्वांत निरुपयोगी. या हिशेबाने राम, रमा, मार आणि मरा हे चारही एकाच पोत्यात जातात.

अक्षरवार: ‘का’ हे एक अक्षर, ‘त्न’ हे एक अक्षर. राम आणि मरा जुळतात, वाल्या कोळ्याच्या गोष्टीत जुळतात तसेच. राम आणि रमा जुळत नाहीत. कोडी, भेंड्या, शब्दखेळ यांना हेच हवं असतं.

वर्णवार: क म्हणजे क् अधिक अ, असं व्याकरणातल्यासारखं फोडायचं. मग ‘आस’ आणि ‘असा’ जुळतात, कारण दोन्हींत अ, आ आणि स् आहेत. गंमत अशी की कोडपॉइंटवार हे जुळत नाहीत: ‘आस’मध्ये दोन कोडपॉइंट आहेत, ‘असा’मध्ये तीन. स्वतंत्र ‘आ’ आणि काना यांचे क्रमांक वेगळे आहेत ना.

पुढचा सगळा लेख अक्षरवार व्याख्या धरून आहे.

*तपासा:* तुमच्या व्याख्येप्रमाणे राम–मरा, काल–कला आणि आस–असा यांची उत्तरं कागदावर लिहा. तिन्ही ठामपणे लिहिता येत नसतील तर पुढे जाऊ नका.

२. मजकूर आत घेताना

फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट सांगा. विंडोजवर न सांगता उघडली तर पायथॉन बहुतेक वेळा सिस्टिमचं जुनं एन्कोडिंग धरतो आणि देवनागरीच्या जागी कचरा येतो. हा कचरा दिसतो तरी. न दिसणारे त्रास हे:

फाइलच्या अगदी सुरुवातीला कधीकधी एक अदृश्य खूण असते, क्रमांक ६५२७९. ती पहिल्या शब्दाला चिकटते आणि फक्त तोच एक शब्द कशाशीच जुळत नाही. नेहमीच्या स्ट्रिप फंक्शनने ती निघत नाही. एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ असं दिलं की निघते.

वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात शून्य रुंदीची जागा असू शकते, क्रमांक ८२०३. तिलाही स्ट्रिप हात लावत नाही, कारण पायथॉन तिला मोकळी जागा मानतच नाही. ओळीच्या शेवटची नवी ओळ मात्र स्ट्रिपने निघते, तेवढं विसरू नका.

तिसरा त्रास जुना आहे. शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. त्यावर यातलं काहीच चालणार नाही. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या.

*तपासा:* पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या शब्दाचे क्रमांक ऑर्ड फंक्शनने छापून पाहा. देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१ असा आहे. ‘कमल’चे क्रमांक २३२५, २३५० आणि २३५४ असेच यायला हवेत. पट्ट्याबाहेरचं काही दिसलं तर ते काय आहे हे कळल्याशिवाय पुढे सरकू नका.

३. एकच शब्द एकाच पद्धतीने लिहिलेला हवा

इथे जरा थांबू, कारण मराठीचा खास गुंता इथेच आहे.

‘दऱ्या’ हा शब्द दोन पद्धतींनी साठवलेला सापडतो. एका पद्धतीत द, नुक्तावाला ऱ (२३५३), हलन्त (२३८१), य, काना असे पाच कोडपॉइंट. दुसऱ्या, जुन्या पद्धतीत द, साधा र (२३५२), हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (८२०५), य, काना असे सहा. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, कोयत्यासारख्या रफारासकट. लेन फंक्शन मात्र एकाला ५ म्हणतं, दुसऱ्याला ६. कऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, पायऱ्या या सगळ्यांची हीच कथा.

म्हणून पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा:

१) युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ फंक्शन ‘एनएफसी’ या रूपात चालवा. र आणि नुक्ता असं सुटं लिहिलेलं असेल तर त्याचा एकच ऱ होतो. ज़ किंवा फ़ यांच्या बाबतीत उलट होतं: एकसंध चिन्ह मोडून अक्षर अधिक नुक्ता असं सुटं रूप मिळतं. कुठलं रूप मिळतं याला महत्त्व नाही. सगळीकडे तेच मिळालं म्हणजे झालं.

२) र, हलन्त, जोडक (८२०५) ही तिघांची साखळी जिथे दिसेल तिथे ऱ आणि हलन्त ठेवा. हे एनएफसी करत नाही, तुम्हालाच करावं लागतं.

३) ‘अ’ आणि त्यावर सुटी चंद्रखूण (२३७३) असं लिहिलेलं असेल तर त्याजागी अखंड ‘ॲ’ (२४१८) ठेवा. ‘ॲप’, ‘ॲसिड’ हे शब्द दोन्ही पद्धतींनी सापडतात आणि एनएफसी त्यांना एक मानत नाही.

४) आता, आणि आताच, उरलेले जोडक आणि तोडक (८२०५ आणि ८२०४) काढून टाका. ८२०३ पण याच वेळी.

*सावधान:* या यादीतली चौथी गोष्ट दुसरीच्या आधी केलीत तर जुन्या पद्धतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’तला जोडक उडतो आणि त्याचा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला, आणि तोही एक खराखुरा शब्द असल्यामुळे शुद्धलेखनाच्या तपासणीत पकडला जाणार नाही.

*सावधान:* शब्द ‘स्वच्छ’ करण्याची एक पाककृती इंटरनेटवर सर्रास फिरते: एनएफडी (सगळं सुटं करणारं रूप) करा आणि ‘एमएन’ वर्गातल्या, म्हणजे युनिकोड ज्यांना स्वतःची जागा न घेणाऱ्या मानतो त्या, खुणा फेकून द्या. फ्रेंच अक्षरांवरच्या खुणा उडवायला ती ठीक आहे. मराठीत उकार, एका मात्रेची खूण, अनुस्वार आणि हलन्त याच वर्गात येतात. काना आणि वेलांट्या वेगळ्या वर्गात, म्हणून त्या वाचतात. ‘कुत्रे’चं ‘कतर’ होतं आणि ‘हिंदी’चं ‘हिदी’.

यादीत रोमन लिपीतले शब्दही असतील तर लोअरऐवजी केसफोल्ड वापरा आणि त्यानंतर एनएफसी पुन्हा एकदा चालवा. निव्वळ देवनागरीला लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे तिथे ही पायरी लागत नाही.

४. शब्दाचे तुकडे पाडणे

आता कोडपॉइंटच्या रांगेतून अक्षरं वेगळी काढायची. साध्या शब्दांत नियम असा:

रिकामी यादी घ्या. शब्दातलं एकेक चिन्ह डावीकडून घ्या.
– चिन्हाचा वर्ग ‘एम’ने सुरू होत असेल (काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग, हलन्त, नुक्ता) आणि यादीत आधीचा तुकडा असेल, तर चिन्ह त्याला चिकटवा.
– तसं नसेल, पण चिन्ह अक्षरवर्गातलं (‘एल’ने सुरू होणारं) असेल आणि आधीचा तुकडा हलन्ताने संपत असेल, तर तेही चिकटवा.
– यातलं काहीच नसेल तर नवा तुकडा सुरू करा.

वर्ग कळायला युनिकोडडेटामधलं कॅटेगरी फंक्शन आहे.

‘रत्न’ हाताने चालवून पाहू. र आला, नवा तुकडा. त आला, आधीचा तुकडा ‘र’ हलन्ताने संपत नाही, म्हणून नवा तुकडा. हलन्त आला, तो ‘त’ला चिकटला, ‘त्’ झाला. न आला, आधीचा तुकडा हलन्ताने संपतो, चिकटवा. हाती आलं: र, त्न. ‘नत्र’चं होतं न, त्र. दोन्ही याद्या वेगळ्या. ‘स्वर’चं स्व, र आणि ‘सर्व’चं स, र्व.

रफार ‘व’च्या वर दिसतो आणि वेलांटी अक्षराआधी दिसते म्हणून गोंधळू नका. साठवताना क्रम उच्चाराचा असतो: ‘सर्व’मध्ये र आधी, व नंतर, ‘दि’मध्ये द आधी, वेलांटी नंतर.

आता प्रश्न येतो, हे हाताने कशाला, तयार लायब्ररी का नको? पायथॉनसाठी ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं पॅकेज आहे, त्यात अशा तुकड्यांसाठी उलटी तिरकी रेघ आणि मोठा एक्स असा नमुना चालतो. पायथॉनबरोबर येणाऱ्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये तो नाही. पण युनिकोडचा तुकडे पाडायचा नियमच मधे बदलला. २०२३ साली आलेल्या युनिकोड १५.१ पर्यंत हलन्तानंतर तुकडा तुटत असे: ‘रत्न’चे र, त्, न असे तीन तुकडे. ‘नत्र’चे न, त्, र. सॉर्ट केले की दोन्ही सारखे! १५.१ पासून देवनागरीसारख्या लिप्यांत जोडाक्षर अखंड राहतं. म्हणजे तुमच्या मशीनवरची लायब्ररी जुना नियम पाळते की नवा, यावर उत्तर ठरणार. मला दहा ओळींचं स्वतःचं फंक्शन जास्त भरवशाचं वाटतं.

*तपासा:* ‘रत्न’चे तुकडे २ येतात की ३? ‘क्षण’चे २ यायला हवेत, ‘शास्त्र’चेही २ (शा, स्त्र), ‘दऱ्या’चेही २.

५. नको ते आता काढा, आधी नाही

वाक्प्रचार किंवा नावं ताडून पाहायची असतील तर मधल्या जागा, स्वल्पविराम, उद्गारचिन्हं काढावी लागतात. बहुतेक जण हे सर्वांत आधी करतात. मराठीत त्याने दोन अपघात होतात.

पहिला: ‘श्रीमत् भागवत’मधली जागा आधी काढली तर त् आणि भा शेजारी येतात आणि चौथ्या पायरीचा नियम त्यांचं ‘त्भा’ असं जोडाक्षर करून टाकतो. तुकडे पाडून झाल्यावर जागा हा एक वेगळा तुकडा असतो, तो निवांत उचलून बाहेर टाकता येतो.

दुसरा जास्त वाईट. ‘अक्षर असेल तेच ठेवा’ म्हणून लोक इझअल्फा लावतात. पायथॉनचं इझअल्फा काना-वेलांटीला अक्षर मानत नाही. एकेका चिन्हाला गाळणी लावलीत की ‘काल’चं ‘कल’ होतं, ‘पाणी’चं ‘पण’. ‘आरई’ मॉड्यूलमधला शब्दचिन्हांचा नमुना, उलटी तिरकी रेघ आणि लहान डब्ल्यू, हाही स्वरचिन्हं सोडून देतो. तुकडे पाडल्यानंतर मात्र प्रत्येक तुकड्याचं फक्त पहिलं चिन्ह पाहायचं असतं आणि तिथे इझअल्फा व्यवस्थित चालतं, कारण ‘का’चं पहिलं चिन्ह क आहे.

*सावधान:* गाळून झाल्यावर यादी रिकामी राहिली तर तो शब्द बाजूला ठेवा. नाहीतर ‘१२३’ आणि ‘???’ दोन्ही रिकामे होऊन एकमेकांचे ॲनाग्राम ठरतात.

६. तुलना

इतकं झाल्यावर ही खरोखर एका ओळीची गोष्ट आहे. दोन्ही तुकड्यांच्या याद्या सॉर्टेड फंक्शनला द्या आणि मिळालेल्या याद्या सारख्या आहेत का पाहा. किंवा कलेक्शन्स मॉड्यूलमधलं काउंटर दोन्हींवर चालवून ते ताडा. काउंटर तत्त्वतः जलद, कारण त्याला क्रम लावावा लागत नाही. पाच-सात अक्षरांच्या शब्दांत हा फरक कोणाच्या लक्षात येणार नाही. मी सॉर्टेड वापरतो, पुढच्या पायरीत ते कामी येतं.

लांबी आधी ताडून लवकर सुटका करून घ्यायची असेल तर तुकड्यांची संख्या ताडा. मूळ स्ट्रिंगची लांबी नको. दऱ्या ५ आणि दऱ्या ६ आठवा.

आता चुका. या ओळीत माणसं काय काय करतात त्याला तोड नाही.

*यादीच्या सॉर्ट मेथडचा निकाल ताडणे.* सॉर्टेड नवी यादी देतं. यादीची स्वतःची सॉर्ट मेथड जागच्या जागी क्रम लावते आणि परत ‘नन’ (म्हणजे काहीच नाही) देते. दोन्ही बाजूंना तीच लिहिली तर नन आणि नन नेहमीच सारखे, आणि जगातले सगळे शब्द एकमेकांचे ॲनाग्राम. उत्तर सतत ‘हो’च येत असेल तर आधी इथे बघा.

*सेट वापरणे.* सेट किती वेळा हे विसरतो. ‘बाबा’ आणि ‘बा’ त्याला एकच.

*क्रमांकांची बेरीज करणे.* चतुराईचा भास होतो. घ २३२८ आणि र २३५२, बेरीज ४६८०. क २३२५ आणि ळ २३५५, बेरीज ४६८०. घर आणि कळ एकच झाले.

*एक्सॉर करणे,* म्हणजे क्रमांकांचे बिट एकेक करून ताडणारी क्रिया. दोनदा आलेली गोष्ट एक्सॉरमध्ये स्वतःलाच खाते. बाबा, मामा, काका, दादा, नाना सगळ्यांचं उत्तर शून्य. अख्खं घर एकमेकांचं ॲनाग्राम.

*उलटा शब्द ताडणे.* कमल उलटा केला तर लमक. म्हणून कमल–कलम ही जोडी सुटते. उलटं करणं ही अनेक मांडण्यांपैकी एकच.

*सव्वीस खणांची यादी.* मुलाखतीच्या तयारीत शिकवतात ती: अक्षराच्या क्रमांकातून लहान ‘ए’चा ९७ वजा करा आणि त्या खणात एक वाढवा. देवनागरीवर ती लगेच मोडते, २३२५ वजा ९७ म्हणजे २२२८ वा खण कुठून येणार. हे बरं, एरर तरी दिसते. रोमन मोठ्या लिपीत मात्र ती गुपचूप खोटं बोलते. मोठ्या ‘जी’चा क्रमांक ७१, ७१ वजा ९७ म्हणजे उणे २६, पायथॉनमध्ये उणे क्रमांक शेवटून मोजतो, म्हणजे सव्वीसातला पहिला खण. मोठा ‘जी’ ‘ए’ म्हणून मोजला गेला. ‘ए’ ते ‘एफ’ या सहा मोठ्या अक्षरांवर एरर येते, ‘जी’पासून ‘झेड’पर्यंत काहीच येत नाही.

काउंटरमधून काउंटर वजा करून शून्यं उरतात का पाहणाऱ्यांसाठी: पायथॉन ३.१० पासून ‘शून्य वेळा’ आणि ‘नाहीच’ यांना तुलनेत सारखं धरतात. त्याआधीच्या आवृत्तीत ते वेगळे होते. जुन्या सर्व्हरवर तुमचं उत्तर बदलू शकतं.

७. मोठ्या यादीतून गट काढायचे असतील

प्रत्येक शब्द दुसऱ्या प्रत्येक शब्दाशी ताडत बसू नका. दहा हजार शब्दांच्या जवळजवळ पाच कोटी जोड्या होतात. त्याऐवजी प्रत्येक शब्दाचे सॉर्ट केलेले तुकडे ही त्याची किल्ली समजा आणि डिक्शनरीत त्या किल्लीखाली शब्द टाकत जा. कमल आणि कलम आपोआप एका खणात पडतात.

सॉर्टेड यादी देतं आणि यादी किल्ली होऊ शकत नाही, पायथॉन टाइपएरर देईल. तिचा टपल करा. तुकडे जोडून पुन्हा स्ट्रिंग करायचा मोह टाळा: हलन्ताने संपणारा तुकडा पुढच्याला चिकटला की किल्ली वाचताना तुमचाच गोंधळ उडेल.

गट छापण्याआधी खणातले शब्द सेटमध्ये टाका, तेही तिसऱ्या पायरीनंतरच्या रूपात. नाहीतर दोन पद्धतींनी लिहिलेला ‘दऱ्या’ स्वतःचाच ॲनाग्राम म्हणून यादीत झळकेल.

८. चाचणीच्या जोड्या

या तशाच्या तशा टेस्टमध्ये घाला. उत्तरं अक्षरवार व्याख्येची आहेत.

कमल – कलम: हो
राम – मरा: हो
नदी – दीन: हो
राम – रमा: नाही
काल – कला: नाही
स्वर – सर्व: नाही
रत्न – नत्र: नाही
घर – कळ: नाही
मामा – बाबा: नाही
बाबा – बा: नाही
दऱ्या – दर्या: नाही
दऱ्या (पाच कोडपॉइंट) – दऱ्या (सहा कोडपॉइंट): तुकडे सारखेच

शेवटची जोडी कीबोर्डवरून टाइप करू नका, तुमचा कीबोर्ड दोन्ही वेळा एकच रूप देईल. सीएचआर फंक्शनला क्रमांक देऊन दोन्ही स्ट्रिंगा हाताने बांधा.

काल–कला ‘हो’ आली तर चौथी पायरी चालतच नाहीये, तुम्ही मूळ स्ट्रिंगच सॉर्ट करताय. मामा–बाबा ‘हो’ आली तर सहावीतली सॉर्ट मेथडची चूक किंवा एक्सॉर. दऱ्या–दर्या ‘हो’ आली किंवा शेवटच्या जोडीचे तुकडे वेगळे निघाले तर तिसरीतला क्रम उलटा झालाय. आणि काल-परवापर्यंत सगळं बरोबर असताना एखाद्या अपडेटनंतर एकट्या रत्न–नत्रचं उत्तर बदललं, तर स्वतःचा कोड उकरण्याआधी तुकडे पाडणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती बघा.